शाळेची बस आणि तिचा सारथी
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी पूर्वजांच्या कर्तृत्वाचे, जुन्या वास्तूंच्या इतिहासाचे आणि दात्यांच्या औदार्याचे वर्णन करावे, असा आपल्याकडे प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या मुलांच्या भरवशावर आपण पुढील महोत्सवाची आशा बाळगतो, ती मुले रोज सकाळी घरून शाळेत कशी जातात व परत घरी कशी येतात, या साध्या गोष्टीचा विचार करण्यात अर्धा तास खर्ची पडला, तर तो व्यर्थ गेला असे कोणी म्हणणार नाही. म्हणून शाळेची बस आणि ती हाकणारा सारथी हा विषय आम्ही आपणांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

वडीलधाऱ्यांच्या काळी शाळेत जाणे याचा अर्थ पायी जाणे असाच होता. आगाशीपासून पापडीपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात मुले वाडीतून निघत, आळीआळीने त्यांचा घोळका वाढत जाई आणि शाळेच्या घंटेपूर्वी तो फाटकात शिरे. मोटार ही त्या काळी अपूर्वाईची वस्तू होती. मुंबई शहरात पहिली मोटारबस 15 जुलै 1926 रोजी धावली, आणि राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरास निघाली ती 1 जून 1948 रोजी. आता काळ पालटला आहे. वस्ती दाट झाली, रस्त्यांवर वाहनांची रीघ लागली, शाळा निवडण्याची सोय झाली आणि निवडलेली शाळा बहुधा घरापासून दूर असते. सबब चार वर्षांचे मूलही आज आईचा हात सोडून बसची पायरी चढते. त्या पायरीपाशी आपण त्याला ज्या माणसाच्या स्वाधीन करितो, त्याचे पुरे नावही आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसते. ‘बसवाले काका’ एवढीच त्याची ओळख.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मुलांचे प्राण त्या सारथ्याच्या हाती असतात हे खरे. तथापि तो हात स्थिर राहावा की कापावा, हे पुष्कळ अंशी आपण, म्हणजे पालक, शाळा आणि गाव, ठरवीत असतो. ही जबाबदारी आपण ओळखली नाही, तर कायद्याची कितीही कलमे आपल्या मुलांस तारू शकणार नाहीत.

प्रथम कायद्याकडे आणि नियमांकडे पाहू. सन 1939 हे साल या विषयात दोन कारणांनी स्मरणीय आहे. त्या साली आपल्या देशात मोटार वाहनांचा पहिला सर्वव्यापी कायदा झाला. पुढे त्याची जागा 1988 च्या कायद्याने घेतली. त्याच 1939 साली न्यूयॉर्क येथे कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयात फ्रँक सायर या प्राध्यापकाने एक परिषद भरविली. अमेरिकेच्या खेड्यांतून तोवर मुलांची ने-आण कोठे घोड्यांच्या गाडीतून, कोठे मालमोटारीतून होत असे, आणि कोणत्याही दोन प्रांतांतील बस एकसारखी नसे. त्या परिषदेने बसची लांबी, रुंदी, आसने इत्यादींविषयी 44 प्रमाणे ठरविली, आणि पिवळ्या रंगाची एक विशिष्ट छटा निश्चित केली. पहाटेच्या व तिन्हीसांजेच्या मंद उजेडात हा रंग चटकन नजरेत भरतो, आणि त्यावर काळी अक्षरे स्पष्ट उठून दिसतात, हे त्याचे कारण. आपल्या रस्त्यांवर शाळेची बस सोनेरी पिवळ्या रंगाची दिसते, ती याच विचाराच्या परंपरेतली. तो रंग शोभेसाठी दिलेला नाही. ‘येथे मुले आहेत, सांभाळा’ असे तो दुरून सांगत असतो. ऐकणाऱ्याने ऐकले तरच त्याचा उपयोग.

खेदाची गोष्ट ही की, आपल्याकडील बहुतेक नियम हे आधी कोणाच्या तरी घरी आकांत झाल्यावर मग जन्मास आले आहेत. 18 नोव्हेंबर 1997 रोजी दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून, मुलांनी खच्चून भरलेली एक शाळेची बस कठडा तोडून यमुनेत कोसळली आणि 28 मुलांचा अंत झाला. त्यानंतर त्याच वर्षाच्या नोव्हेंबर व डिसेंबर महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने जे आदेश दिले, ते पुढे देशभर शाळेच्या बसचे मूळ नियम मानले गेले. बसवर पुढे व मागे ‘शाळेची बस’ असे शब्द असावेत. बस भाड्याची असल्यास ‘शाळेच्या कामावर’ असे लिहावे. शाळेचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा. खिडक्यांस आडवे गज, दारांस पक्की कडी, दप्तरे ठेवण्यास जागा, प्रथमोपचाराची पेटी व आग विझविण्याचे नळकांडे असावे. वेगास ताशी 40 किलोमीटरची मर्यादा घालणारे यंत्र बसविलेले असावे. चालकास अवजड वाहन चालविण्याचा किमान 5 वर्षांचा अनुभव असावा व बेदरकारपणाचा डाग त्याच्या नावावर नसावा. मुलांची देखरेख करण्यास बसमध्ये एक जाणता मदतनीस असावा.

महाराष्ट्र शासनाने 2011 साली शाळेच्या बससाठी स्वतंत्र नियमावली केली. तिच्यातील एक तरतूद आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली एक परिवहन समिती असावी, आणि तीत पालकांचे प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचे निरीक्षक व बसमालकांचे प्रतिनिधी असावेत, असे ते नियम सांगतात. म्हणजे कायद्याने पालकास केवळ पैसे भरणारा गिऱ्हाईक न मानता पहारेकऱ्याच्या जागी बसविले आहे. आपल्या मुलाच्या शाळेत ही समिती कोणाकोणाची आहे आणि ती शेवटची केव्हा भरली, हे येथे बसलेल्यांपैकी कितीजण सांगू शकतील? प्रश्न उपरोधाने विचारीत नाही. उत्तर घरी जाऊन शोधावे, एवढीच विनंती आहे.

कागद आणि वस्तुस्थिती यांत केवढे अंतर असू शकते, याचा दाखला जुलै 2012 मध्ये चेन्नईजवळ मिळाला. दुसरीत शिकणारी एक चिमुरडी चालत्या बसच्या तळाला पडलेल्या भोकातून खाली रस्त्यावर पडली आणि त्याच बसच्या चाकाखाली गेली. त्या बसजवळ योग्यतेचे प्रमाणपत्र होते. प्रमाणपत्रावर शिक्का होता, परंतु फळीला भोक होते. त्या वर्षी तमिळनाडू शासनाने शाळेच्या बससाठी विशेष नियम केले. बस बाहेरून धुतलेली दिसली म्हणजे ती धडधाकट आहे असे मानणे, हे आम्हां सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. वास्तविक वर्षातून एकदा तरी पालकांनी बसमध्ये चढून तळ, आसने, संकटकाळचे दार आणि टायर डोळ्यांनी पाहिले पाहिजेत. त्यास यंत्रशास्त्राचे ज्ञान लागत नाही.

आणखी एक दुर्घटना सांगून हा कटू भाग आटोपतो. 24 जुलै 2014 रोजी तेलंगणातील मेदक जिल्ह्यात मासाईपेट येथे, फाटकावर पहारेकरी नसलेल्या ठिकाणी, नांदेडहून निघालेली प्रवासी आगगाडी एका शाळेच्या बसवर आदळली आणि पंधराहून अधिक मुले प्राणास मुकली. पुढे 2019 च्या आरंभापर्यंत रेल्वेने मोठ्या मापाच्या मार्गांवरील पहारेकरी नसलेली सारी फाटके बंद केली अथवा त्यांची अन्य व्यवस्था लावली. जो धोका वर्षानुवर्षे अटळ समजला जात होता, तो मनावर घेताच टळू शकला, हे यातून दिसते. आपल्या गावच्या नाक्यावरील धोकेही असेच आहेत.

आता सारथ्याकडे वळू. त्याचा दिवस कसा जातो, हे आपण क्वचितच विचारात घेतो. सकाळच्या शाळेची घंटा सातच्या सुमारास वाजते. म्हणजे पहिल्या थांब्यावर त्याने सहाच्या आत हजर असावयास हवे, आणि त्यापूर्वी पाणी, तेल, हवा व ब्रेक पाहून गाडी बाहेर काढावयास हवी. याचा अर्थ त्याची पहाट चार-साडेचारला उजाडते. सकाळची पाळी पोहोचविली की दुपारची मुले आणावयाची, सकाळची परत सोडावयाची, आणि सायंकाळी पुन्हा दुपारच्या मुलांस घरी न्यावयाचे. मधल्या रिकाम्या तासांत घरी जाण्याइतका अवधी नसतो. गाडीच्या आसनावरच तो पाठ टेकतो. मोटार कामगारांसाठी 1961 साली जो कायदा झाला, त्याने दिवसाचे आठ तास काम आणि कामाचे दोहोंपेक्षा अधिक तुकडे नकोत, असे तत्त्व घालून दिले. ते तत्त्व उघडच शहाणपणाचे होते. झोपेने जड झालेला डोळा व दारूने धुंद झालेला डोळा यांत रस्त्यावर फारसा भेद उरत नाही.

त्याची पहिली अडचण वेळेची आहे, आणि ती बहुतांशी आपणच निर्माण करितो. एका फेरीत वीस थांबे असले आणि प्रत्येक थांब्यावर ‘आलाच, बूट घालतो आहे’ असे सांगून एकेका घराने एकेक मिनिट घेतले, तर शेवटच्या थांब्यावरील मूल वीस मिनिटे उशिरा बसते. शाळेत उशीर झाला की बोलणी सारथ्यास बसतात. ही वीस मिनिटे तो कोठून भरून काढणार? एकच मार्ग त्यास दिसतो, तो म्हणजे वेगाचा.

आणि वेगाचा हिशेब निष्ठुर आहे. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी बस एका सेकंदात 11 मीटर जाते. रस्त्यात आडवे आलेले मूल दिसणे आणि पाय ब्रेकवर पडणे यांत साधारण एक सेकंद जातो. तोवर बस अकरा मीटर पुढे गेलेली असते आणि थांबण्याची क्रिया तेथून सुरू होते. तोच वेग 60 झाला, तर त्या एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जातात, आणि ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर दीडपट न होता सव्वादोनपट होते. पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर ते आणखी वाढते. 2022 साली भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, आणि सरकारी अहवालाप्रमाणे त्यांतील दहांपैकी सातांचे कारण अतिवेग हे होते. आपण दारात दवडलेल्या एका मिनिटाचे मोल कधीकधी कोणास तरी कशाने द्यावे लागते, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरी अडचण रस्त्याची. आपल्या गावांचे रस्ते बैलगाडीच्या मापाने आखले गेले. एका बाजूस वाडीची भिंत, दुसऱ्या बाजूस कोठे गटार तर कोठे बावखल. त्यांतून बारा हात लांबीची बस न्यावयाची. त्यात घरात जागा नाही म्हणून मोटारी रस्त्यावर उभ्या. लग्नाचा अथवा सणाचा मांडव पडला की उरलेला रस्ताही अर्धा होतो, आणि तो मांडव आपल्यापैकीच कोणाचा तरी असतो. समोरून दुचाकीस्वार येतो. तो थांबत नाही, कारण त्याच्या मते थांबणे हे मोठ्या गाडीचे काम. अशा वेळी सारथ्यास गाडी मागे घ्यावी लागते. लहान मुलांनी गजबजलेल्या वस्तीत बस मागे घेणे याइतके भयंकर दुसरे काम नाही. कारण मागील काचेच्या खाली जे मूल उभे असेल, ते त्यास कोणत्याच आरशात दिसत नाही.

तिसरी अडचण पावसाची. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री शेकडो मुले शाळांत अथवा रस्त्यात अडकलेल्या बसगाड्यांत राहिली. त्यांच्याजवळ आईबाप नव्हते, होते ते सारथी, मदतनीस आणि शिक्षक. जुलै 2018 मध्ये आपला वसई-विरारचा परिसर कसा जलमय झाला, हे आपण स्वतः अनुभवले आहे. अनेक बावखले बुजविली गेल्याने पाण्यास जाण्यास वाट उरली नाही, आणि जी उरली आहेत त्यांचा काठ पाणी चढल्यावर रस्त्यापासून ओळखू येत नाही. अशा पाण्यात बस घालावी की मागे फिरावी, हा निर्णय त्या एकट्या माणसास क्षणात घ्यावयाचा असतो. दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारींस वाहून नेऊ शकते. म्हणून ‘पाणी दिसले तर थांबा, उशीर झाला तरी चालेल’ हे शब्द शाळेने व पालकांनी त्यास जून महिना लागण्यापूर्वीच स्पष्टपणे सांगून ठेवले पाहिजेत. 18 ऑगस्ट 2025 रोजी माटुंग्यात पाण्यात अडकलेल्या शाळेच्या बसमधून पोलिसांनी चिमुकल्यांस उचलून बाहेर काढिले. प्रवाशांचा व वाहनचालकांचा आश्रयदाता मानल्या जाणाऱ्या संत ख्रिस्तोफरचे चित्र कित्येक गाड्यांत लावलेले आपण पाहतो. त्यात तो बालकास खांद्यावर घेऊन नदी ओलांडीत असतो. शाळेच्या बसच्या सारथ्याचे काम याहून निराळे नाही. फरक इतकाच की त्याच्या खांद्यावर एका वेळी चाळीस बालके असतात.

चौथी अडचण बसच्या आतली. चाळीस मुलांचा गलबला, मागे चाललेले भांडण, खिडकीबाहेर निघालेला हात, कोणाचे रडणे, कोणास आलेली ओकारी, आणि या सर्वांकडे पाठ करून सारथ्याने समोर पाहावयाचे. त्याने वळून पाहिले तर रस्ता सुटतो, न पाहिले तर मूल सुटते. म्हणूनच बसमध्ये मदतनीस असणे, आणि मुली असतील तेथे ती मदतनीस स्त्री असणे, हे काही ऐश्वर्य नव्हे. मदतनीस ताईच्या पगाराचा खर्च वाचवावा असे ज्यांना वाटते, त्यांनी एक दिवस त्या बसमधून प्रवास करून पाहावा.

येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम खुलासेवार सांगतो, कारण ती पुष्कळांस ठाऊक नसते. मूल बसच्या आत असते तेव्हा त्यास जेवढा धोका असतो, त्याहून अधिक धोका ते बसमधून उतरल्यावर किंवा बसकडे धावत येताना असतो. बसच्या भोवतालचे दहा-बारा फुटांचे कडे हे खरे संकटस्थान. उंच आसनावर बसलेल्या सारथ्यास पुढील चाकाजवळ वाकलेले मूल दिसत नाही. हातातून पडलेली पाण्याची बाटली उचलण्यास मूल वाकते, दाराच्या फटीत दप्तराचा पट्टा अडकतो, किंवा उतरताच पलीकडे उभी असलेली आई पाहून ते बसच्या पुढून धूम ठोकते, आणि तेवढ्यात मागून येणारी मोटारसायकल बसला वळसा घालून पुढे निघते. अमेरिकेत मुले चढत-उतरत असता बसचे तांबडे दिवे लागले की अन्य वाहनांनी थांबलेच पाहिजे, असा दंडक आहे. आपल्या रस्त्यांवर ही रीत रुजलेली नाही. ती आपल्या गावापुरती तरी आपण स्वखुशीने पाळू शकतो. आईने अथवा आजोबांनी मुलास घेण्यास रस्त्याच्या पलीकडे उभे न राहता बस ज्या बाजूस थांबते त्याच बाजूस उभे राहावे, आणि बस निघून गेल्यावर दोन्हीकडचा रस्ता मोकळा पाहून मुलाचा हात धरून रस्ता ओलांडावा. या एका सवयीने जे साधेल, ते दहा नियमांनी साधणार नाही.

पाचवी अडचण पोटाची. पुष्कळ ठिकाणी सारथी हा शाळेचा नोकर नसतो. तो ठेकेदाराचा माणूस असतो, किंवा कर्ज काढून स्वतःचीच गाडी चालवीत असतो. शाळेस सुट्टी लागली की त्याची मिळकत आटते. कर्जाचा हप्ता मात्र सुट्टी घेत नाही. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, आणि जवळजवळ दोन शालेय वर्षे पिवळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या काळात कित्येक सारथ्यांनी भाजी विकली, मजुरी केली, गाव गाठला. अनेकजण या धंद्यात परत आलेच नाहीत. अनुभवी माणूस गेला म्हणजे त्याच्याबरोबर कोणते वळण कसे आहे व कोणते मूल उतरताना धावते, हे ज्ञानही जाते. महिन्याच्या भाड्यात शे-दोनशे रुपये कमी घेणारा शोधताना ती बचत टायरांतून, मदतनिसाच्या पगारातून की सारथ्याच्या झोपेतून होते आहे, हे विचारण्याची तसदी घ्यावी. मुलास आसनाऐवजी दुसऱ्याच्या मांडीवर बसविणारी स्वस्त व्हॅन ही वस्तुतः फार महाग असते.

शेवटची अडचण दोषारोपाची. रस्त्यावर काहीही घडले तरी मोठ्या गाडीचा चालक अपराधी, असे लोक आधीच ठरवून मोकळे होतात. अपघात झाल्यास जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य 1988 च्या कायद्याच्या 134 व्या कलमाने चालकावर घातले आहे. परंतु त्याच कलमात, जमावाच्या प्रक्षोभामुळे ते अशक्य झाल्यास गोष्ट निराळी, असेही म्हणावे लागले आहे. विधिमंडळाला कायद्याच्या भाषेत जमावाच्या रागाची नोंद करावी लागावी, ही आपल्या समाजास भूषणावह गोष्ट नव्हे. ज्या क्षणी सारथ्याने जखमी मुलापाशी थांबावे, त्याच क्षणी मार खाण्याच्या भीतीने तो पळतो. आणि मोलाची मिनिटे निघून जातात. आपल्या तरुणांनी अशा वेळी हात उगारण्याऐवजी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका व 112 वर पोलीस बोलवावेत, हे शिकण्याची ही वेळ आहे.

हे सर्व सांगताना सारथ्यांचा कैवार घेऊन त्यांच्या दोषांवर पांघरूण घालण्याचा आमचा हेतू नाही. गाडी चालविताना कानास फोन लावणे, विरुद्ध बाजूने गाडी घालणे, आसनांहून अधिक मुले कोंबणे, रात्रीची दारू सकाळपर्यंत उतरली असेल असे मानणे, या गोष्टी अक्षम्य आहेत आणि त्यांस पहिल्या वेळीच पायबंद बसला पाहिजे. तसेच, बसमध्ये शेवटी राहिलेले एकटे मूल कोणाजवळ असते, याची काळजी घेणे म्हणजे भल्या माणसावर संशय घेणे नव्हे. पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी करून घेणे, मदतनीस ताई शेवटचे मूल उतरेपर्यंत बसमध्ये असणे, आणि फेरी संपल्यावर मागच्या आसनापर्यंत चालत जाऊन कोणी झोपलेले राहिले नाही ना हे पाहणे, यांत प्रामाणिक सारथ्याचेही रक्षण आहे. दारे लावून उन्हात उभी केलेली बस थोड्याच वेळात भट्टी बनते. तीत विसरलेले मूल ओरडून कोणास ऐकू जात नाही.

तेव्हा आता आपण काय करावे? पालकांनी बस येण्यापूर्वी पाच मिनिटे मुलासह थांब्यावर उभे राहावे. बस पूर्ण थांबल्यावाचून चढू नये व धावत्या बसमध्ये उभे राहू नये, हे मुलास घरीच शिकवावे. सारथ्यास वाटेत फोन करून ‘कोठे पोहोचलात’ असे विचारू नये; विचारावयाचेच असेल तर मदतनिसास विचारावे. तक्रार असेल तर ती मुलासमोर शिवीगाळ करून न मांडता शाळेच्या समितीकडे लेखी द्यावी. शाळांनी समितीची सभा दर सत्रात भरवावी, सारथ्यांच्या दृष्टीची व प्रकृतीची वेळोवेळी तपासणी करवावी, मधल्या वेळी त्यांस पाठ टेकण्यास खोली आणि पिण्यास पाणी द्यावे, वर्षातून एकदा बस रिकामी कशी करावी याचा सराव मुलांकडून करून घ्यावा, आणि वेळापत्रक असे आखावे की नियमात राहणारा माणूस वेळेवर पोहोचू शकेल. गावाने थांब्याच्या दोन्ही बाजूंस वाहने उभी करू नयेत, मांडव रस्त्याच्या कडेस घ्यावेत, नाक्यावरील झाडाच्या आडव्या फांद्या पावसाळ्यापूर्वी छाटाव्यात, आणि सकाळ-सायंकाळी शाळेच्या वेळेस दोघा स्वयंसेवकांनी नाक्यावर उभे राहावे. यांतील एकाही गोष्टीस सरकारी मंजुरीची अथवा मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही.

बंधुभगिनींनो, महोत्सवाच्या या वर्षात आपण पुष्कळांचे सत्कार करू. त्या यादीत ज्यांनी वर्षानुवर्षे आपली मुले सुखरूप नेली व आणली, त्या सारथ्यांची व मदतनीस ताईंची नावे घालावीत, अशी आमची सूचना आहे. अपघात घडला की वर्तमानपत्रात नाव येते. न घडलेल्या अपघाताची बातमी कोणी छापीत नाही. वीस वर्षे एकाही मुलास खरचटू न देणारा माणूस आपल्या दारावरून रोज जातो आणि त्याची नोंद कोठेही होत नाही. ती नोंद निदान आपण घ्यावी.

मात्र शाल आणि नारळ यांवर हे प्रकरण संपू देऊ नये. उद्या सकाळी बस दारी येईल तेव्हा मूल तयार असावे, रस्ता मोकळा असावा, आणि त्या माणसास त्याच्या नावाने हाक मारून नमस्कार करावा. ज्यास आपण नावाने ओळखतो, त्याच्याशी आपण माणुसकीने वागतो. आणि ज्यास माणुसकीने वागविले जाते, तो आपल्या हाती सोपविलेल्या जिवांची किंमत विसरत नाही.